चित्र उमटले, पण धातू कुठे गेला?

१/
शरीराच्या आतले चित्र स्पष्ट दिसावे म्हणून रुग्णाच्या शरीरात धातू सोडण्याची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. चित्र काही मिनिटांत तयार होते आणि रुग्ण घरी जातो. धातू मात्र कधी काही तासांत बाहेर पडतो, कधी शरीराचाच भाग बनतो, तर कधी माणसाच्या मृत्यूपर्यंत यकृतात ठाण मांडून बसतो. आज एमआरआयसाठी लोहाचे चुंबकीय नॅनोकण तपासताना पहिल्या काही प्रश्नांत एक प्रश्न असतो : यातून धातूचे आयन किती सुटतात, आणि किती वेगाने? या प्रश्नाचे महत्त्व वैद्यकाला फार मोठी किंमत मोजून कळले. त्याचा हा इतिहास. (थ्रेड)

२/
विल्हेल्म रोंटगेन यांनी क्ष-किरणांवरील आपला निबंध डिसेंबर १८९५ च्या अखेरीस सादर केला. त्यानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेनथाल यांनी एका निर्जीव हाताच्या रक्तवाहिन्यांत खडू आणि हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे खनिज, यांचे मिश्रण भरले. छायाचित्रात धमन्यांचे जाळे झाडाच्या फांद्यांसारखे उमटले. जड धातू क्ष-किरणांना अडवतो, म्हणून त्याची सावली पडते, हे तत्त्व सिद्ध झाले. हेच मिश्रण जिवंत माणसाला देणे अशक्य होते. पुढचा सारा शोध याच अडचणीवरचा आहे.

३/
येथे एक संकल्पना नीट समजून घ्यावी लागते. धातूच्या अणूने इलेक्ट्रॉन गमावले की तो विद्युतभारित होतो आणि पाण्यात मोकळा वावरू शकतो. हा त्याचा आयन. धातूचा कण जोवर घट्ट, न विरघळणारा असतो, तोवर पेशीच्या रसायनशास्त्राशी त्याचा फारसा संबंध येत नाही. आयन सुटला की तो प्रथिनांना चिकटतो, दुसऱ्या आयनाची जागा बळकावतो, पेशीची दारे अडवतो. म्हणून एकच धातू एका रूपात औषध असतो आणि दुसऱ्या रूपात विष.

४/
याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे बेरियम. पोट आणि आतड्यांच्या चित्रांसाठी आरंभी बिस्मथ सबनायट्रेट खायला देत. आतड्यातील जिवाणू त्यातील नायट्रेटचे नायट्राइट करीत, रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होई, आणि काही रुग्ण त्यात दगावले. १९१० मध्ये बाखेम आणि ग्युंथर यांनी पर्याय पुढे आणला : बेरियम सल्फेट. बेरियमचा आयन स्नायू आणि हृदय बंद पाडू शकतो. बेरियम कार्बोनेट तर उंदीर मारण्यासाठी वापरले जाई, कारण जठरातील आम्लात ते विरघळते. बेरियम सल्फेट त्या आम्लातही विरघळत नाही. ते आतड्यांतून जाते आणि जसेच्या तसे बाहेर पडते. आजही ते वापरात आहे.

५/
बेरियमचा धडा सरळ होता : आयन सुटला नाही तर धोका नाही. पण हा धडा अर्धाच होता. अन्नमार्गाला दोन टोके असतात. आत गेलेले बाहेर येण्याची सोय तेथे आधीपासूनच आहे. रक्तवाहिन्यांना असा दरवाजा नाही. तेथे न विरघळणारा कण सोडला तर तो जाणार कुठे? हा प्रश्न विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात फारशा कुणी गांभीर्याने विचारला नाही.

६/
१९२७ मध्ये लिस्बनमध्ये एगास मोनिझ मेंदूच्या धमन्यांचे चित्र घेण्यासाठी धडपडत होते. आरंभी त्यांनी स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड वापरले. त्यात एक रुग्ण दगावला. मग सोडियम आयोडाइडच्या द्रावणाने चित्र मिळाले, पण ते द्रावण दाहक होते, वेदनादायक होते. डॉक्टरांना हवे होते ते असे द्रव्य, जे गडद सावली टाकेल आणि रुग्णाला जाणवणारही नाही. काही वर्षांतच जर्मनीत तयार झालेले एक द्रव्य या वर्णनात तंतोतंत बसले. त्याचे नाव थोरोट्रास्ट.

७/
थोरोट्रास्ट म्हणजे थोरियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण, डेक्स्ट्रिन या पिष्टजन्य पदार्थाच्या आधाराने पाण्यात तरंगत ठेवलेले. कणांचा आकार एका मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपास. 'नॅनोकण' हा शब्द तेव्हा प्रचारात नव्हता, पण आजच्या व्याख्येने ते नॅनोकणच होते. टोचताना वेदना नाही, दाह नाही, चित्र अप्रतिम. शिवाय थोरियम डायऑक्साइड जवळजवळ अविद्राव्य, म्हणजे आयन सुटण्याचा प्रश्नच नाही. बेरियमच्या कसोटीवर हे द्रव्य पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाले असते. मोनिझ यांनीही ते १९३१ पासून वापरले.

८/
रक्तात आलेला परका कण शरीर तसाच फिरू देत नाही. यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा येथे बसलेल्या भक्षकपेशी तो गिळतात. जिवाणू असेल तर त्याला पचवतात. थोरियम डायऑक्साइड मात्र पचत नाही. कण पेशीत राहिला. पेशी मेली की शेजारच्या पेशीने तो उचलला. बाहेर पडण्याची वाट नव्हती. आणि थोरियम किरणोत्सारी होता. थोरियम-२३२ चे अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षे. माणसाच्या आयुष्यात तो संपण्याची शक्यताच नाही. यकृतावर अल्फा कणांचा मारा दिवसरात्र चालू राहिला.

९/
इशारा मिळाला नव्हता असे नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या औषध व रसायन परिषदेने १९३२ मध्येच या द्रव्याच्या किरणोत्सारी साठ्याबद्दल सावध केले होते. पण धोका भविष्यात होता आणि सुंदर चित्र समोर होते. जगभरातील लाखो रुग्णांना थोरोट्रास्ट दिले गेले. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या धमन्या पाहण्यासाठीही ते वापरले गेले. १९४७ मध्ये यकृतातील रक्तवाहिन्यांच्या दुर्मीळ कर्करोगाचा त्याच्याशी संबंध दाखवणारा वृत्तांत प्रसिद्ध झाला. पुढे जर्मनी, डेन्मार्क, पोर्तुगाल आणि जपान येथे या रुग्णांचा अनेक दशके मागोवा घेतला गेला. टोचणी आणि कर्करोग यांच्यात बहुधा वीस-तीस वर्षांचे अंतर होते.

१०/
थोरोट्रास्टने बेरियमच्या धड्याचा उरलेला अर्धा भाग लिहिला. रक्तात सोडलेल्या कणाने कधीच न विरघळणे हीदेखील आपत्ती ठरू शकते. मग आदर्श द्रव्य कोणते? जे चित्र घेईपर्यंत अभंग राहील आणि नंतर एकतर पूर्णपणे बाहेर पडेल, किंवा अशा रीतीने विरघळेल की सुटलेल्या धातूची विल्हेवाट शरीराला लावता येईल. पुढच्या अर्धशतकात या दोन्ही वाटा चोखाळल्या गेल्या. पहिली वाट गॅडोलिनियमची, दुसरी लोहाची.

११/
१९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय अनुस्पंदनातून प्रतिमा मिळवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तीतूनच आजचा एमआरआय उभा राहिला. येथे सावली पाडणारा जड धातू नको होता. शरीरातील पाण्याच्या हायड्रोजन अणुकेंद्रांवर प्रभाव टाकणारा चुंबकीय धातू हवा होता. लॉटरबर आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये कुत्र्यांवर मँगनीजचा प्रयोग केला. पण मँगनीजचा इतिहास आश्वासक नव्हता. १८३७ मध्येच ग्लासगोचे कूपर यांनी मँगनीजचे खनिज दळणाऱ्या कामगारांचे पाय लुळे पडत असल्याची नोंद केली होती. मोकळा मँगनीज आयन मेंदूला सोडत नाही.

१२/
गॅडोलिनियमच्या आयनात सात एकटे इलेक्ट्रॉन असतात. त्यामुळे चुंबकीय परिणामात त्याची बरोबरी करणारे थोडेच. अडचण अशी की हा आयन आकाराने जवळजवळ कॅल्शियमएवढाच आहे. तो मोकळा सुटला तर कॅल्शियमच्या वाटा अडवतो. बर्लिनच्या शेरिंग कंपनीत हान्स-योआखिम वाइनमान आणि सहकाऱ्यांनी त्याला एका सेंद्रिय रेणूच्या पकडीत बंद केले. अशा संयुगाला कीलेट म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खेकड्याची नांगी. नांगीत धरलेला गॅडोलिनियम चित्र उजळवतो आणि मूत्रपिंडांतून काही तासांत बाहेर पडतो. १९८८ मध्ये या द्रव्याला मान्यता मिळाली.

१३/
या योजनेचा पाया एका गृहीतकावर होता : मूत्रपिंडे काम करीत आहेत. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात डायलिसिसवरील काही रुग्णांची त्वचा लाकडासारखी कठीण होऊ लागली. सांधे आखडले, काहींना चालणे अशक्य झाले. २००० मध्ये अशा १५ रुग्णांचे वर्णन 'लॅन्सेट'मध्ये आले, पण कारण उमगले नाही. २००६ मध्ये ऑस्ट्रियाचे थॉमस ग्रोबनर यांनी लिहिले की गॅडोलिनियम देऊन चित्र काढलेल्या ९ डायलिसिस रुग्णांपैकी ५ जणांना हा विकार झाला. त्याच वर्षी डेन्मार्कमधून अशाच १३ रुग्णांचा वृत्तांत आला.

१४/
उलगडा रसायनशास्त्रात होता. निरोगी शरीरात नांगी उघडण्यापूर्वीच संयुग बाहेर पडे. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णात ते दिवसेंदिवस रेंगाळे. जस्तासारखे आयन नांगीत शिरत आणि गॅडोलिनियम बाहेर ढकलला जाई. ज्या संयुगांत पकड सरळ साखळीची होती ती लवकर सुटत. ज्यांत धातू बंद कड्याच्या आत होता ती टिकत. २००७ मध्ये अमेरिकेत चौकटीतील ठळक इशारा छापणे सक्तीचे झाले. २०१७ मध्ये युरोपने सरळ साखळीच्या अनेक द्रव्यांचा वापर स्थगित केला. नियम बदलताच हा विकार जवळजवळ नाहीसा झाला.

१५/
दरम्यान २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की वारंवार गॅडोलिनियम घेतलेल्या रुग्णांच्या मेंदूच्या काही भागांत त्याच्या खुणा उरतात, मूत्रपिंडे चांगली असली तरीही. त्या खुणांमुळे इजा होते असे सिद्ध झालेले नाही. तरीही जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला : धातू गेला कुठे? आणि मग अनेकांची दृष्टी दुसऱ्या वाटेकडे वळली. ती वाट तोवर तीस वर्षे जुनी झाली होती.

१६/
१९७८ मध्येच जपानमध्ये ओहगुशी, नागायामा आणि वाडा यांनी डेक्स्ट्रॅन या शर्करेच्या आवरणातील मॅग्नेटाइटचे कण चुंबकीय अनुस्पंदनासाठी वापरून पाहिले होते. मॅग्नेटाइट म्हणजे लोहाचे चुंबकीय ऑक्साइड, होकायंत्राच्या आदिम दगडाचेच रसायन. त्याचा कण काही नॅनोमीटर इतका लहान केला की त्याच्या वर्तनात फरक पडतो. चुंबकीय क्षेत्रात तो जोरदार चुंबक बनतो. क्षेत्र काढले की त्याचे चुंबकत्व उष्णतेच्या हेलकाव्यांत विस्कटते. लुई नील यांनी १९४९ मध्ये याचा सिद्धान्त मांडला होता. याचा व्यावहारिक लाभ मोठा : यंत्राबाहेर हे कण एकमेकांना ओढून रक्तात गुठळ्या करीत नाहीत.

१७/
आता थोरोट्रास्टची आठवण ठेवून पुढचे पाहावे. लोहाचे हे कणही यकृतातील त्याच भक्षकपेशी गिळतात. मार्ग तोच, पेशी त्याच, आवरणही पिष्टशर्करेच्याच कुळातले. डॉक्टरांनी या मार्गाचाच उपयोग करून घेतला. निरोगी यकृत कण गिळून एमआरआयमध्ये काळे पडते. कर्करोगाच्या गाठीत भक्षकपेशी जवळपास नसतात, म्हणून ती उजळ राहते. बोस्टनमध्ये स्टार्क, वाइस्लेडर आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये रुग्णांच्या यकृतातील गाठी अशा रीतीने दाखवल्या.

१८/
आणि नंतर? भक्षकपेशीच्या पोटात लायसोसोम नावाच्या आम्लयुक्त पिशव्या असतात. तेथे शर्करेचे आवरण झिजते आणि लोहाचे ऑक्साइड हळूहळू विरघळते. आयन सुटतात. शरीर त्यांना ओळखते. फेरिटिन नावाचे प्रथिन ते साठवते, ट्रान्सफेरिन ते वाहून नेते, अस्थिमज्जा त्यांपासून हिमोग्लोबिन घडवते. वाइस्लेडर आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये किरणोत्सारी लोहाची खूण लावलेले कण उंदरांना देऊन माग काढला. काही दिवसांत तेच लोह तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिनमध्ये सापडले. थोरियमने जेथे ठाण मांडले होते, तेथून लोह रक्तात परतले.

१९/
प्रमाणही पाहावे. यकृतासाठी मान्य झालेली मात्रा दर किलो वजनामागे ०.५६ मिलिग्रॅम लोह इतकी होती. ६० किलोच्या माणसाला सुमारे ३४ मिलिग्रॅम. प्रौढ शरीरात मुळातच ३ ते ४ ग्रॅम लोह असते आणि रक्ताच्या एका पिशवीतून २०० मिलिग्रॅमहून अधिक लोह मिळते. म्हणजे एका तपासणीचा भार एका पिशवीच्या पाचव्या भागाहूनही कमी.

२०/
तरीही लोहाला निरुपद्रवी म्हणणे चूक ठरेल. केंब्रिजचे हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये दाखवले की लोहाच्या उपस्थितीत हायड्रोजन पेरॉक्साइड अतिशय आक्रमक ऑक्सिडीकारक बनते. पेशीत हीच क्रिया घडली तर तयार होणारे मुक्त मूलक पटलांना आणि डीएनएला इजा करतात. शिवाय जादा लोह बाहेर टाकण्याची यंत्रणा शरीराकडे नाही. रोज जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम गळून जाते. थॅलेसेमियाच्या रुग्णांत वारंवार रक्त दिल्यानंतर हृदय आणि यकृत लोहाने भरून जाते, ते यामुळेच. म्हणून वेग निर्णायक ठरतो. आयन फेरिटिनच्या आवाक्यात राहतील इतके सावकाश सुटले तर ते अन्न. एकदम सुटले तर घाव.

२१/
हा वेग कणाच्या घडणीत ठरतो. कण जितका लहान तितका त्याचा पृष्ठभाग प्रमाणाने मोठा, आणि विरघळणे जलद. आवरण जितके घट्ट तितका विलंब. कणात दुसरा धातू मिसळला तर हिशेबच बदलतो. कोबाल्ट मिसळून कणाचे चुंबकीय गुण हवे तसे घडवता येतात, पण त्यातून सुटलेला कोबाल्ट साठवण्यासाठी शरीराकडे फेरिटिनसारखे कोठार नाही. १९६५-६६ मध्ये कॅनडातील क्विबेक शहरात बिअरचा फेस टिकावा म्हणून कोबाल्टचा क्षार घातला गेला. अतिमद्यपान करणाऱ्या ४८ जणांना हृदयविकार जडला, त्यांतील २० दगावले. वैद्यकीय प्रतिमेसाठी साध्या लोहाकडेच वळण्यामागे असे अनुभव आहेत.

२२/
१९९६ मध्ये फेरिडेक्स या लोहकणांच्या द्रव्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. २००१ मध्ये युरोपात रेझोव्हिस्ट आले. २००३ मध्ये ८० प्रोस्टेट कर्करोग रुग्णांवरील अभ्यासात अशाच कणांनी लसिकाग्रंथींतील कर्करोग शोधण्याची संवेदनशीलता ग्रंथीमागे ३५.४ टक्क्यांवरून ९०.५ टक्क्यांवर नेली. वाट खुली झाल्यासारखी वाटली. पण २००५ मध्ये अमेरिकेच्या सल्लागार समितीने त्या द्रव्याच्या बाजूने कौल दिला नाही आणि २००८ मध्ये फेरिडेक्सचे उत्पादन थांबले. आयनांनी घात केला नव्हता. मागणीच फारशी नव्हती. गॅडोलिनियम टोचून लगेच चित्र घेता येई. फेरिडेक्स अर्धा तास सावकाश सोडावे लागे, आणि काहींची पाठ दुखे, रक्तदाब उतरे.

२३/
लोहकण परतले ते औषध म्हणून. २००९ मध्ये फेरुमॉक्सिटॉलला मूत्रपिंडाच्या रुग्णांतील रक्तक्षयासाठी मान्यता मिळाली. येथे सुटणारे आयन हाच उपचार होता. ५१० मिलिग्रॅम लोह अवघ्या १७ सेकंदांत टोचण्याची मुभा होती. अमेरिकेत तीव्र ॲलर्जीच्या ७९ घटना नोंदल्या गेल्या. त्यांतील १८ प्राणघातक ठरल्या. ठळक इशारा आला, आणि औषध पातळ करून किमान १५ मिनिटांत सोडावे असा नियम झाला. आयनांची बाजू भक्कम होती. घाव प्रतिकारशक्तीच्या बाजूने आला. सुरक्षिततेचा एक प्रश्न सुटला म्हणजे सारे सुटले असे होत नाही.

२४/
यानंतरही अनेक ठिकाणी डॉक्टरांनी फेरुमॉक्सिटॉल एमआरआयसाठी वापरले, विशेषतः ज्यांना गॅडोलिनियम देणे धोक्याचे अशा मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी. ज्या रुग्णांच्या शरीरात गॅडोलिनियमची नांगी उघडली, त्यांच्यासाठीच विरघळून रक्तात मिसळणारे लोह उपयोगी ठरले. आज नव्या चुंबकीय कणाला विचारले जाणारे प्रश्न या इतिहासातूनच आले आहेत. आम्लात तो किती दिवसांत विरघळतो? सुटलेला धातू कोणते प्रथिन उचलते? दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या मात्रेनंतर किती उरतो? मूत्रपिंड किंवा यकृत आजारी असेल तर काय होते?

२५/
व्हिएन्नातील त्या हाताला उद्या नव्हता. म्हणून त्यात भरलेल्या पाऱ्याचे पुढे काय होणार हे कुणाला विचारावे लागले नाही. लिस्बनमधील, कॅलिफोर्नियातील, डेन्मार्कमधील रुग्ण मात्र चित्र काढून घरी गेले आणि त्यांनी पुढची वर्षे त्या धातूसोबत काढली. बेरियम निघून गेला, थोरियम बसून राहिला, गॅडोलिनियम काहींच्या शरीरात निसटला, लोह रक्तात मिसळले. चार धातूंच्या या चार वाटा कळायला शंभर वर्षे लागली, आणि त्यांतील बरीचशी माहिती चित्र हाती आल्यानंतर पुष्कळ काळाने मिळाली.